युरोपात उतरायची सोय

हसायचं असंल तर आत्ताच हसून घ्या. मागनं कपातला चहा सांडला तर मला बोलायचं न्हाई.

मी दुसरी शिकल्याला माणूस. दुसरी पास न्हाई, नुसतीच दुसरी. अशा माणसानं एकदा महिनाभर युरोप फिरायचा बेत आखला. आन तो आखता आखता जी माती खाल्ली, ती मी होऊन सांगतोय. कारण दुसऱ्यानं सांगितली तर तो मीठमसाला लावंल, आन हिला मसाल्याची गरज न्हाई.

माझे व्याही, म्हंजी थोरल्या लेकीचे सासरे, एका टूरवाल्याबरुबर पंधरा दिस युरोप करून आले. आले ते आले, पण पुढं वर्षभर ज्या मांडवात बघावं तिथं यांच्या बर्फाच्या गप्पा. एका लग्नात पंगतीला बसलो होतो. माझ्याकडं बघून म्हणाले, "तात्या, तुमचं न्हाई ते काम. तुमी स्वारगेटला उतरल्यावर रस्ता चुकता."

भरल्या पानावरनं उठायचं नसतं म्हणून बसलो. पण मठ्ठा पिता पिता ठरवून टाकलं. हे पंधरा दिस गेले न्हवं? मी महिना जाणार. टूरवाला न्हाई आन कुणी न्हाई. बायकोला घेणार आन माझा मी जाणार.

पैशाचं म्हणाल तर वरव्याला हायवेच्या कडंला आमची एक खडकाळ पट्टी होती, ती नुकतीच कारखान्यात गेली होती. पण पैसा हाय म्हणून तो लॉजवाल्याच्या उरावर घालायचा का? आमच्या घराण्यात लॉजवर कुणी ऱ्हायलेलं न्हाई. परगावी गेलं की पाव्हण्याकडं उतरायचं. मुंबई असो न्हाईतर युरोप, रीत ती रीत.

मग तपास लावला, आपल्या भोर-वेल्ह्यातलं कुणाचं पोरगं तिकडं हाय. दोन निघाले. वेल्ह्याला एक रिटायर गुरुजी होते, त्यांचा मुलगा जर्मनीत इंजिनिअर. आन वरव्याच्या सर्जेरावाचा मुलगा इटलीत हॉटेलात कुक. दोन्ही घरं लांबच्या नात्यातली. लेकीचा शाळेतला नकाशा काढून बघितला. जर्मनी ते इटली बोटभर अंतर. पंधरा दिस हितं, पंधरा दिस तितं. झाली सहल.

फक्त एक अट घातली. पासपोर्ट हातात पडेस्तवर बेत फोडायचा न्हाई. मध्येच कुठं घोडं अडलं तर व्याही हसून हसून आजारी पडतील. घरात माझी बायको हौसा, धाकटी लेक सुनंदा, आन भोरचे इब्राहिमभाई टेलर, एवढ्यांनाच म्हाईत. इब्राहिमभाईंना सांगावंच लागलं. कोट कशासाठी पायजे ते कळल्याबिगर तो माणूस टेप काढत न्हाई.

आता मला सांगा, ज्याच्या घरी पंधरा दिस ऱ्हायचं, तो गडी कसा हाय ते आधी बघायला नको? म्या म्हणलं, बेत सांगायचा न्हाई, पण चौकशी करून ठेवू. आन पत्ता लिहून आणू. माझं अक्षर मलाच लागत न्हाई, म्हणून सुनंदाला संगं घेतली. ती भोरला कालेजात, बीएस्सीच्या शेवटच्या वर्षाला.

ती म्हणाली, "तात्या, मी कशाला? मी आले तर लोक काय म्हणतील?"

"लोक काय म्हणतील ते मी बघतो. तू वही घे."

वेल्ह्याला गुरुजींच्या घरी गेलो. मला बघून गुरुजी उठलेच. मागं सुनंदा दिसली तशी त्यांची मंडळी आत पळाली आन पाच मिनिटात कांदा चिरल्याचा वास आला. म्या मनात म्हणलं, माणसं चांगली हायेत, पोटाचं बघतात.

म्या सरळ विषयाला हात घातला. "गुरुजी, मुलगा तिकडं भाड्यानं ऱ्हातो का घर हाय?"

गुरुजी जरा सावरून बसले. "तीन खोल्यांचं आहे. कंपनीनं दिलंय."

"तीन. बरं. दारू?"

"छे हो. तो चहासुद्धा बेतानं घेतो."

"आन घरात दुसरं कुणी? म्हंजी एखादी गोरी बाई वगैरे?"

आता गोरी बाई असली तर ती आमाला उंबऱ्याच्या आत घेईल का, ही माझी काळजी. गुरुजी एकदम हळू आवाजात म्हणाले, "तात्यासाहेब, तुम्ही स्पष्ट विचारलंत, बरं वाटलं. तसलं काही नाही. आमच्या शब्दाबाहेर नाही तो."

"मग झालं. आमचं माणूस भाकरीवर वाढल्यालं हाय, तिथं जमंल न्हवं?"

आतनं मंडळी म्हणाल्या, "तो स्वतः पोळ्या लाटतो हो. बायकोला हात लावू देणार नाही."

म्या खुश. फोटो मागितला. गाडीला टेकून उभा होता. गाडी सवताची का, किती माणसं बसतात, तेबी इचारलं. निघताना मंडळींनी सुनंदाला कुंकू लावलं, ओटी भरली, आन माझ्या हातात घडी घातलेली चिठ्ठी दिली. पत्ता असणार म्हणून ती सुनंदाला दिली. एसटीत तिनं वाचली आन खिडकीबाहेर बघत बसली.

"पत्ता नीट हाय का?"

"हाय."

"फोटो दे हिकडं, हरवशील."

"ऱ्हाऊ द्या माझ्याकडं," म्हणाली. मला काय त्यात वावगं वाटलं न्हाई.

दुसऱ्या दिशी वरवे. सर्जेराव म्हंजी बोलण्यात पाऊण तालुका विकत घेणारा माणूस. त्यालाबी तेच सवाल. खोल्या किती, पितो का, घरात कोण, सैपाक येतो का. तो म्हणाला, "तात्या, हॉटेलात धंदाच तो हाय. तुमचं माणूस पलंगावरनं खाली उतरायचं न्हाई."

"असंच पायजे. आमाला पटलं तर वैशाखातच उरकून टाकू," म्या म्हणलं. वैशाखात शेतीची कामं नसतात, म्हणून.

सर्जेरावानं माझा हातच धरला. "वैशाख तर वैशाख."

दोन्ही घरी पोटभर खाल्लं होतं. मोकळं निघून येणं बरं दिसत न्हाई. म्हणून दोन्ही घरी सांगितलं, "येत्या रविवारी आमच्याकडं भाटघरला या. आमचंबी घर बघा, मग पुढचं बोलू." तवर पासपोर्ट येणार होता. एकदाच दोघांना बेत सांगायचा, असा माझा हिशेब.

शनिवारी कोटाचं माप द्यायला भोरला गेलो. पासपोर्ट त्याच दिशी पोस्टानं आला होता, तो खिशात. मी फुगलेला. इब्राहिमभाईंना सगळं रंगवून सांगितलं. ते छातीचं माप घेत होते. टेप तसाच गळ्यात टाकला आन खाली बसले.

"तात्या, तुमी लगीनवयाच्या पोरीला संगं घेऊन पोराच्या घरी गेलता?"

"पत्ता लिवायला."

"कमाई इचारली?"

"कमाई न्हाई. घर, गाडी, दारू."

"आन उद्या घर बघायला बोलावलंय. दोघांनाबी. एकाच दिशी."

"व्हय. का?"

इब्राहिमभाईंनी खडू ठेवला. "काय न्हाई. घरी जाऊन वैनींना सांगा, पोहे किती भिजवायचे ते आजच ठरवा."

मला समजलं न्हाई असं न्हाई. समजलं, पण ते मी आत येऊ दिलं न्हाई. म्हणलं, ह्यो टेलर, ह्याला दुसऱ्याच्या मापात खोट काढायची सवय.

रविवारी दहा वाजता वेल्ह्याची जीप आली. गुरुजी, मंडळी, दोन काका, मामा, मावशी. एका चहासाठी एवढी माणसं कशाला, असं माझ्या मनात आलं. गुरुजींच्या अंगात नवा सदरा. मंडळींच्या हातात ताट, त्यात नारळ आन साडी. हौसानं माझ्याकडं जे बघितलं, ते तुमी बघितलं असतं तर जन्मात लग्न केलं नसतं.

"मुलीला बोलवा," गुरुजी म्हणाले.

"ती कशाला? आपण बोलू की."

"तात्यासाहेब, तिला न विचारता कसं बोलायचं?"

तेवढ्यात दारात टेम्पो थांबला. मागनं सर्जेराव, त्यांची भावकी, बायका, एक फोटोग्राफर. व्हय, फोटोग्राफर. सर्जेरावानं गुरुजींच्या ताटाकडं बघितलं, मग माझ्याकडं.

"तात्या, हे काय? वैशाख आमच्याशी ठरला न्हवं?"

गुरुजी म्हणाले, "आमच्याकडं ते एक दिवस आधी आलेत."

"आधी येऊन काय व्हतं? शब्द आमाला दिलाय."

ओसरीवर दोन्हीकडची माणसं उभी. शेजारचे कुंपणाला टेकलेले. आत सुनंदा. मला एकदम कळलं की ह्यात माझी सहल बुडाली तर बुडू दे, पण आजच्या आज पोरीचं नाव गावात बारा तोंडांनी फिरंल. दोन घरी नेऊन दाखवली, दोघांना नादी लावलं, असं म्हणतील. पासपोर्ट खिशातनं काढला आन वर धरला.

"मंडळी, माझं ऐका. मला युरोपला जायाचंय. बायकोला घेऊन. एक महिना. लॉज परवडतो, पण रीत न्हाई. म्हणून तुमच्या पोरांची घरं बघायला आलतो, उतरायची सोय व्हईल का म्हणून. पोरगी फक्त पत्ता लिवायला होती. चूक माझी, तिची न्हाई."

मग सर्जेराव म्हणाला, "म्हंजी पोरगी द्यायची न्हाई, नुसतं फुकट ऱ्हायचं?"

सर्जेरावाकडची माणसं पोहे खाऊन, फोटोग्राफरसकट चहा पिऊन, टेम्पोत बसून निघून गेली. बसताना सर्जेराव एवढंच म्हणाला, "तात्या, इटलीत लॉज लई हायेत."

गुरुजी बसूनच होते. म्हणाले, "तुम्ही आमचं घर बघून गेलात. आम्ही मुलगी बघून चाललो. ज्याच्या त्याच्या कामाचं ज्यानं त्यानं बघितलं. आता तिला विचारा, म्हणजे आम्ही उठतो."

सुनंदा दारात येऊन उभी होती. मान खाली न्हाई, सरळ गुरुजींकडं बघून म्हणाली, "परीक्षा झाल्यावर त्यांना येऊ द्या. मी बघीन, मग सांगीन. ती चिठ्ठी माझ्याजवळ हाय."

"पत्त्याची?" म्या इचारलं.

"पत्रिकेची, तात्या. जन्मवेळ, नक्षत्र, सगळं. पत्ता नव्हताच त्यात."

चार महिन्यांनी मुलगा आला. दोघं धरणावर फिरून आली. दिवाळीनंतर लगीन झालं. लेक जर्मनीत, तीन खोल्या, गाडी, दारू न्हाई, आन पोळ्या लाटणारा जावई. म्या म्हणलं, देवानं माझी सहल डोक्यावरनं उचलून जाग्यावर नेऊन ठेवली. व्हिसाचं पत्रसुद्धा जावयानंच पाठवलं.

तिकिटं काढली आन हौसा म्हणाली, "अवं, पण लेकीला मूल न्हाई अजून."

तुमच्याकडं असंल नसंल, आमच्याकडं कडक हाय. लेकीला मूल होईस्तवर आईबापानं तिच्या घरचं अन्नपाणी घ्यायचं न्हाई, मुक्काम तर लांबच. थोरलीच्या वेळी मी दोन वर्षं घरनं पाण्याची बाटली घेऊन जायचो, आन ते भावकीत सगळ्यांना सांगायचो. आता युरोपात कोण बघतंय म्हणून मोडू? मोडणारा मी न्हाई.

"मूल होईस्तवर थांबा मग," हौसा म्हणाली.

थांबणाराबी मी न्हाई.

तर मी युरोपला गेलो. महिनाभर. लेकीच्या दाराच्या समोरच, रस्ता ओलांडला की एक लॉज होता, त्याची खोली घेतली. रोख भाडं देऊन. दिवसभर लेकीकडं बसायचो, जेवायच्या टायमाला उठून खोलीवर जाऊन भाजणीचं पीठ कालवायचो. समोरच्या खिडकीत जावई पोळ्या लाटताना दिसायचा. इटलीबिटली काय झालं न्हाई. भाडं भरून भरून बोटभर अंतर लई लांब पडलं.

लॉजची मालकीण म्हातारी होती. तिला वाटलं, लेक-जावयानं म्हाताऱ्याला घराबाहेर काढलाय. एक दिस ती जावयाच्या दारात जाऊन त्याला लई बोलली. जावयानं तिला आमची रीत नीट समजावून सांगितली, अन्नपाण्याची, मुक्कामाची, सगळी. तिनं शांतपणे ऐकून घेतली आन मग एकच सवाल इचारला.

तो जावयानं रस्ता ओलांडून मला येऊन सांगितला. ती म्हणाली, "रीत समजली. पण मग तुझी सासू पहिल्या दिवसापासून तुमच्याकडं जेवून तुमच्याच पलंगावर कशी झोपते?"

राहिलेले अठरा दिस मी त्या खोलीत ह्यावर इचार केला. भाडं पूर्ण भरलं, उत्तर काय सापडलं न्हाई.