दहीभाताचं बोलावणं

पाचोडजवळच्या आमच्या गावातून आम्ही निघालो ते पाण्याच्या रिकाम्या टँकरमधून. पाणी विहिरीत सोडून ड्रायव्हर शहराकडं परतत होता, त्यानं केबिनमध्ये जागा दिली. नवऱ्याला चितेगावच्या एका कंपनीत काम लागलं होतं. मांडीवर आठ महिन्यांची स्वाती. गोवराची लस नऊ महिने पूर्ण झाल्यावर असते, सिस्टर म्हणाल्या होत्या, "तिकडच्या दवाखान्यात टोचून घे." आई एवढंच म्हणाली, "बाई, पोरीला लई जप. तिथं आपलं कोणी नाय."

पैठण रोडच्या नव्या वसाहतीत खोली घेतली. पहिल्याच आठवड्यात मी दवाखाना शोधला, लसीचा वार विचारून ठेवला. वसाहतीत मात्र कुणी घरात बोलवेना. नळावर आमचं नाव 'दुष्काळी'. घरमालकीण काकू बोलायच्या, पण उंबऱ्याच्या आतून.

मग एक दिवस त्यांनीच हाक मारली. "अगं, दारात काय उभी ऱ्हायलीस? ये की आत! लेकरांना दहीभात घातलाय, तुझ्या बाहुलीला पण आण." मी ठेवणीतली साडी नेसले. गल्लीतली मुलं पंगतीला बसली होती. काकूंनी स्वातीला मांडीवर घेऊन नातवाच्याच ताटातला घास भरवला. मला भरून आलं.

जेवण कशाचं, ते निघताना विचारलं. "देवी आली होती ना आमच्या बाळाला. आता चालली, तिला निरोप." नातवाच्या कानामागं अजून लालसर पुरळ होतं. मी म्हटलं, "काकू, हा तर गोवर. लस नव्हती दिली?"

"सुईनं ताप येतो बाई. देवी येती, जाती. फिकर नको करू."

देवी त्यांच्याकडून निघाली ती आमच्या खोलीत आली. स्वातीचं अंग फुललं, ताप उतरेना, दोन्ही कान वाहायला लागले. सरकारी दवाखान्यात ती वाचली. कान गेले. लसीचे नऊ महिने अजून पुरे व्हायचेच होते. आणि नळावर काकू सांगत होत्या, दुष्काळी लोकांनी गोवर आणला. त्यांचा नातू समोर गोट्या खेळत होता.

गावी गेले तर तुम्ही आपली माणसंही तसंच बोललात. "शहरानं पोरीचे कान खाल्ले." गावात थांबून आम्ही काय प्यायलो असतो, ते कुणी सांगितलं नाही. स्वातीला मात्र 'मुकी' म्हणायला सगळे तयार. तेव्हापासून मी सणावारालाही तिकडं येत नाही.

आता दोन खोल्या स्वतःच्या आहेत. स्वाती कॉलेजात जाते, ओठ वाचते, माझ्यावर हातवाऱ्यांनी चिडते. घर कुठलं विचाराल तर हेच. इथं तिला कुणी नावं ठेवत नाही.

तुम्ही दिवाळीनंतर येता, बेल दाबता, आवाज येत नाही म्हणून दारावर थापा मारता आणि हसता, "ताई, तुझी बेल बिघडली गं!" बिघडलेली नाही. ती दाबली की आत दिवा लागतो. स्वाती तो बघते आणि दार उघडायला येते. तेवढं थांबत जा.