त्या सकाळी एकही कुत्रं भुंकलं नाही

मी पॅथॉलॉजी लॅबमध्ये टेक्निशियन आहे. रिपोर्ट हातात आल्याशिवाय मी कुणाच्या तापाला मलेरियासुद्धा म्हणत नाही, तर बाकीच्या गोष्टींचं काय घेऊन बसलात... या पानावरचे अनुभव मी जेवणाच्या सुट्टीत वाचते, मैत्रिणींना फॉरवर्डही करते, पण खरं सांगायचं तर हसण्यासाठी. त्यामुळे आज स्वतःच लिहायला बसताना कसंसंच होतंय. यात भूत नाही, हे आधीच सांगून टाकते. काय आहे, ते मला सांगता येणार नाही.

माझं माहेर तिवसा, सासर अकोला. राहायला जठारपेठेत. चाळिशीनंतर शुगर बॉर्डरवर आली म्हणून पळायला लागले. आधी मैदानावर गोल गोल फिरायचे. तिथेच गवई ताई भेटल्या. सरकारी दवाखान्यातून रिटायर झालेल्या सिस्टर, साठी ओलांडलेल्या, आमच्याच गल्लीच्या टोकाला एकट्या राहतात. मुलगा पुण्यात. पहिल्याच ओळखीत म्हणाल्या, "मैदानात काय घाण्याच्या बैलासारखी फिरून राहिली? एवढं मोठं शहर हाय, ते पाह्य ना."

मग आमचं ठरलं. दर रविवारी एक नवीन भाग, पायी. पंचवीस वर्षं अकोल्यात राहून मी लॅब, भाजीबाजार आणि मुलांची शाळा एवढंच पाहिलं होतं! सिंधी कॅम्पात पहाटे पहाटे तळणाचा वास, पुढच्या वस्तीत विहारातून येणारी वंदना, टिळक रोडवर बंद शटरसमोर झोपलेले हमाल, नदीपलीकडे जुन्या शहरात इतक्या अरुंद गल्ल्या की समोरून सायकल आली तर आपण कुणाच्या तरी ओट्यावर चढायचं. बाया दारात सडा टाकता टाकता विचारायच्या, "काहून पळता वो बाई, कोनी मांगं लागलं काय?"

मागे लागायचे ते कुत्रे. पळणाऱ्या कुठल्याही माणसाला विचारा, शहराचा नकाशा त्याला कुत्र्यांवरून पाठ असतो. या खांबापासून त्या पानठेल्यापर्यंत एकाची हद्द, तिथून पुढे दुसऱ्याची. हद्द संपली की कुत्रं भुंकत भुंकत थांबतं, आणि पुढचं सुरू होतं. हद्द ओलांडलेल्या कुत्र्याला दुसरे फाडून खातात. ताईंना लहानपणी कुत्रं चावलेलं, पोटात इंजेक्शनं घेतलेली. त्या हातात काठी घेतल्याशिवाय निघायच्या नाहीत, आणि काठी पाहिली की कुत्रे आणखी चवताळायचे.

तर... मे महिन्यातला एक रविवार. आदल्या रात्री मी अमरावतीला चुलत बहिणीच्या लग्नाला गेले होते, परत यायला उशीर होणार म्हणून ताईंना आधीच सांगून ठेवलं होतं की उद्या मी नाही. पण पहाटे लाईट गेली, कूलर बंद पडला, झोप उडाली. उजाडायला लागलं होतं. म्हटलं, चला, एकटीच जाऊन येऊ. ताईंना उठवलं नाही. गोरक्षण रोडकडे जायचं डोक्यात होतं, रस्ता रुंद आहे, सावली आहे.

आमच्या कोपऱ्यावर एक तांबडं कुत्रं असतं. मी त्याला हवालदार म्हणते. ओळख असूनही रोज भुंकतो. त्या दिवशी तो रस्त्याच्या मधोमध उभा होता, तोंड मिटून. मी बाजूने निघाले, तो बाजूला आला. दुसऱ्या बाजूने गेले, तो तिकडे आला. गुरगुरला नाही, दात दाखवले नाहीत... नुसता आडवा. मग वळला आणि उलट दिशेने, शहराकडे चालायला लागला. थोडं जाऊन मागे वळून पाहिलं. मी म्हटलं जाऊ दे, याच्याशी सकाळी सकाळी कोण हुज्जत घालणार, आज तिकडून जाऊ.

तो पुढे, मी मागे. त्याची हद्द जिथे संपते तिथे एक पांढरी कुत्री उभी होती. तिची पिल्लं लहान होती. आठवडाभर त्या रस्त्याने कुणी स्कूटर नेऊ शकत नव्हतं. आता इथे जुंपणार, म्हणून मी थांबलेच. दोघं एकमेकांसमोर उभी राहिली. काही आवाज नाही. हवालदार खाली बसला, आणि कुत्री वळून चालायला लागली. पिल्लं टाकून.

तिने मला पुढच्या चौकापर्यंत नेलं. तिथे कान फाटलेला एक काळा. त्याने टिळक रोडपर्यंत. तिथे आणखी एक...

आता अंगावर काटा आला होता, पण भीती वाटत होती असं म्हणता येणार नाही. देवळात गाभाऱ्यासमोर आपोआप आवाज खाली येतो ना, तसं झालं होतं. मी पळणं केव्हा थांबवलं ते कळलंच नाही. बुटाची लेस बांधायला वाकले तर समोरचं कुत्रं थांबलं. लेस बांधून झाली, तेही निघालं. दूधवाल्याची मोटरसायकल अगदी त्याला घासून गेली. त्याने मानही वळवली नाही.

ताजनापेठेतून दगडी पुलावर आले. मोर्णा नदीत मे महिन्यात पाणी कमी, जलपर्णी जास्त. पुलाच्या मध्यावर सोबतचं कुत्रं बसलं. आता मात्र वाटलं, पुरे झालं, घरी जावं. समोर पाहिलं. पुलाच्या त्या टोकाला जुन्या शहराचे कुत्रे रांगेने बसले होते. शांत, कान ताठ करून, सगळे माझ्याकडे पाहत. त्यातलं एक उठलं आणि पुलावर मला घ्यायला आलं.

मी काय केलं असतं, सांगा. मी गेले.

जुन्या शहरात एका बेकरीच्या ओट्यावर एक चाचा चहा पीत बसले होते. आम्हा दोघींना ते तोंडओळखीने ओळखायचे. त्यांनी आधी कुत्र्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"मॅडम, ये आपका है क्या?"

"नाही हो चाचा. हे मला कुठेतरी घेऊन चाललंय."

ते हसले नाहीत. "आज सुबह से एक भी भौंका नहीं," ते म्हणाले. "मैं कब से यही सोच रहा हूँ." चहाचा ग्लास तसाच ठेवून ते माझ्यासोबत निघाले. कुणीतरी सोबत आहे याचं इतकं बरं वाटलं.

वस्ती संपत आली तिथे एक बांधकाम अर्धवट सोडलेलं आहे. रस्त्याकडेला पडकी भिंत, आत बाभळी आणि पायासाठी खणलेले खोल खड्डे. कुत्रं भिंतीपाशी गेलं आणि बसलं. आत गेलं नाही. आम्ही दोघं उभे. काही दिसेना, काही ऐकू येईना. मला स्वतःचीच लाज वाटायला लागली. तरी हाक मारली, "कोणी आहे का?"

काही नाही. चाचा म्हणाले, "चलो मॅडम." आम्ही वळलोच होतो...

"कोन हाय?"

जमिनीतून आल्यासारखा, कोरडा पडलेला आवाज. पण तो आवाज मी ओळखला. गवई ताईंचा.

भिंतीमागच्या एका खड्ड्याच्या तळाशी त्या पडल्या होत्या. पाय विचित्र वळलेला, ओठ पांढरे. मी वरून रडायलाच लागले तर खालून म्हणतात, "रडू नोको, आधी पानी पाह्य. अन् तू कायले आली? तू तं येनार नोती."

चाचांनी माणसं जमवली, शिडी आणली, फळीवर बांधून ताईंना वर काढलं. खुब्याचं हाड मोडलं होतं. मी नाही म्हटल्यावर त्या एकट्याच निघाल्या होत्या, पुढच्या रविवारचा रस्ता पाहून ठेवायला. वाटेत बाजूला जायची गरज पडली. आपल्या बायांना रस्त्यात सोय कुठे असते... भिंतीमागे गेल्या आणि अंधुक उजेडात पाय सटकला. फोन घरी. ओरडून ओरडून घसा बसला, मग ओरडणं सोडलं. तिथे एरवीही कुणी फिरकत नाही. डॉक्टर म्हणाले, अकोल्याचा मे, त्यात हे वय. दुपारपर्यंत टिकल्या नसत्या.

ऑपरेशननंतर मी त्यांना सगळं सांगितलं. वाटलं, त्या मला वेड्यात काढतील. आयुष्यभर अंगारे-धुपारेवाल्यांना दवाखान्यातून हाकलून लावलेली बाई. त्यांनी एकच विचारलं, "माह्या खड्ड्यापाशी कोनतं कुत्रं आलतं, तुले मालूम हाय?"

"नाही. कोणतं?"

"एकबी नाई. एकबी आलं नाई, वर्षा. आलं असतं तं मले भेव वाटलं असतं, ध्यानात राह्यलं असतं."

मग मी म्हटलं, तुमचा वास माझ्या अंगाला येत असेल, रोजची सोबत आहे. त्या म्हणाल्या, "वास येत असनच. पन मी पडली नदीच्या त्या पार, अन् तुह्या दारातल्या कुत्र्याले कोनं सांगतलं?"

माझे मिस्टर योगायोग म्हणतात. ओळखीच्या जनावरांच्या डॉक्टरांना विचारलं, ते वारा, गंध, कळपाची सवय असं बरंच बोलले, आणि शेवटी म्हणाले, "पण कुत्री पिल्लं सोडून गेली, हे मला पटत नाही." पटत तर मलाही नाही. मी पाहिलंय फक्त.

ताई आता वॉकरवर दारापर्यंत येतात. पळणं संपलं त्यांचं. मी मात्र जाते, दर रविवारी. कुत्रे पूर्वीसारखेच अंगावर येतात, ओळखही दाखवत नाहीत. पण एका मोहल्ल्याची हद्द संपून दुसऱ्याची सुरू होते तिथे माझे पाय आपोआप हळू होतात. मी तेवढा तुकडा चालत जाते. का, ते विचारू नका. तिथे त्या सकाळी काहीतरी एकाने दुसऱ्याच्या हवाली केलं होतं, आणि त्यात मीही होते, एवढंच मला माहीत आहे.