गेल्या खेपेची हकीकत

काउंटरच्या काचेवर बोटाच्या पेराने टकटक करायची, मागे कोण ताटकळलंय ते बघायचंसुद्धा नाही, आणि म्हणायचं, "बाय, गेल्या खेपेची हकीकत आयक." वालावलच्या काकांची दुकानात शिरायची ही पद्धत.

माझं दुकान दारूचं. कुडाळात, मालवणकडे जाणाऱ्या रस्त्याला. पाटीवर 'वाइन शॉप' लिहिलंय, पण वाइन एक फळीभर. बाकी सगळी व्हिस्की, रम आणि बिअर. यजमान गेल्यावर परवाना माझ्या नावावर झाला. ते कशाने गेले हे अख्ख्या बाजाराला ठाऊक आहे. याच फळ्यांवरचा माल पिऊन गेले. बाराव्याला मी देवासमोर सांगून टाकलं, पोटासाठी विकीन, पण या जिभेला थेंब लावणार नाही. बाटल्या पुसते, लावते, विकते आणि घरी गेल्यावर हात साबणाने खसखसून धुते.

दारूच्या दुकानातलं गिऱ्हाईक तुम्हीही पाहिलं असेल. आधी रस्त्याच्या दोन्ही बाजू बघणार, मग तोंडातल्या तोंडात नाव पुटपुटणार, आणि काळी पिशवी नसली तर माझ्यावरच डोळे वटारणार. काकांचं तसं नव्हतं. आठवडा बाजाराला यायचे, भाजी घ्यायचे आणि त्याच कापडी पिशवीत लाल भाजीच्या जुडीशेजारी क्वार्टर उभी करायचे. मी वर्तमानपत्र पुढे केलं की म्हणायचे, "चोरून न्हेतंय काय मी? कागद कित्याक?"

मुंबईत कुठल्याशा कचेरीत नोकरी करून ते निवृत्त झाले आणि काकींना घेऊन गावी परतले. थोडी काजू, चार आंब्याची झाडं आणि हा एक नाद. पिणं म्हणाल तर चमचाभर. एक क्वार्टर किती दिवस पुरवायचे देव जाणे! वाटीत ओतायचे, नाक घालून बसायचे, आणि पुढच्या बाजाराला मला सगळं सांगायचे. मला! जिला त्या बाटल्यांचं तोंड बघायची इच्छा नव्हती तिला.

"ही गो बाय, ओलो पेंढो पेटवलो काय जो धूर येता, तशी. डोळ्यात पाणी येता, पण बरा वाटता." एक वाइन त्यांनी करवंदांत बसवली होती, अगदी शेवटची, काळीभोर, चिकाने ओठ चिकटवणारी करवंदं. दुसरी, पांढरी वाइन म्हणजे आंबटढाण बिमलं. मिठात घातलेली नव्हे, झाडावरून काढून तशीच चावलेली. आणि माझ्याकडे सगळ्यात जास्त खपणाऱ्या व्हिस्कीबद्दल एवढंच, "हेका चव नाय. निसतो राग आसा."

प्रत्येक वेळी बरोबरच असायचे असं मुळीच नाही. एकदा आले ते फुललेलेच. "समुद्राचो वास इलो गो! जेटीवर उभो ऱ्हवल्यासारख्या वाटला!" पुढच्या बाजाराला तोंड पाडून उभे. "गेल्या खेपेची हकीकत मागे घेतंय. काकीन दिल्ली ती वाटी सुंगटांची होती." कोळंबीच्या वाटीत दारू! मी इतकी हसले की रांगेतले लोकही हसायला लागले. त्या दुकानात तोवर मी कधी हसले नव्हते, खरं सांगते.

त्यांचे शब्द माझ्या तोंडात कधी बसले ते कळलंच नाही. पुण्याचं एक जोडपं तारकर्लीला चाललं होतं. कुठली लाल वाइन घेऊ म्हणून विचारत होतं. मी म्हटलं, "ही घ्या. आधी करवंद लागतं, मग तोंड कोरडं करते." ती बाई कौतुकाने म्हणाली, "तुम्ही स्वतः घेता वाटतं, मॅडम?" अशी भडकले मी! बाटली पिशवीत घातली आणि सुटे पैसे पुढे ढकलले. काकांना सांगितलं तर ते काचेवर हात आपटून हसले.

मग एका बाजाराला टकटक झाली, पण पुढे काहीच नाही.

"हकीकत?" मीच विचारलं.

"नाय गो. ताप इलो, गेलो. जाताना वास घेवन गेलो."

मला वाटलं, सर्दी असेल, जाईल. नाही गेली. डॉक्टर म्हणाले थांबा, येईल. काका थांबले. वेगवेगळ्या बाटल्या नेऊन बघायचे आणि येऊन सांगायचे, "पाणी. गरम पाणी." एके दिवशी गिऱ्हाईक नाही बघून ते काउंटरवर वाकले.

"बाय, रागावू नको. तू एक थेंब घे आणि माका सांग. काकीन घेतल्यान, थुकल्यान आणि म्हणता, औषध. तुझ्याकडे शब्द आसत. माझेच आसत, पण आसत."

"काका, दुसरा काय पण मागा," मी म्हटलं. माझा आवाज चढला होता. "ह्येंका जेणां न्हेल्यान, तां मी तोंडात घेव?"

त्यांचा चेहरा एवढासा झाला. "चुकलंय गो बाय. खराच चुकलंय." त्यानंतर ते बाजाराला यायचे, काउंटरपाशी उभे राहून पाऊसपाण्याचं बोलायचे आणि काही न घेता जायचे. मग येईनासे झाले.

काकींचा फोन आला तेव्हा मी माल उतरवून घेत होते. "जेवणत नाय गो. दोन घास आणि पान सारता. म्हणता, माती खाल्ल्यासारख्या लागता. डॉक्टर सुई देता, पण भूक खंयसून देतलो? हाडां दिसूक लागली आसत."

मला रात्रभर झोप आली नाही. निवडणुकीमुळे दुसऱ्या दिवशी ड्राय डे, दुकान बंद. त्यांना आवडायची ती धुराची व्हिस्की पर्समध्ये घातली आणि वालावलची एसटी धरली. देवासमोर दिलेला शब्द मोडायला निघाले होते मी, आणि वाटेत लक्ष्मीनारायणाच्या देवळावरून जाताना मान वर केली नाही.

काका पडवीत आरामखुर्चीत होते. सदरा अंगावर टांगल्यासारखा. बाटली बघून म्हणाले, "नको गो." मी ऐकलं नाही. बुचात ओतली. अर्धी साडीवर सांडली.

"बेगीन गिळू नको," ते हळूच म्हणाले. "तोंडात धर."

धरली. आग झाली. आणि जो वास नाकात चढला तो मला पाठ होता. इतकी वर्षं दाराची कडी काढताना तो आधी आत यायचा.

"ह्येंच्या सदऱ्याचो वास येता," मी म्हटलं आणि मला रडूच फुटलं.

काका ताठ बसले. "येव दे. थांब. घाई नाय."

थांबले. आग उतरली. "धूर आसा. तुमी म्हणतास तसोच, पेंढ्याचो. आणि... गूळ. कायलीच्या तळाक लागलेलो." आणि त्या गुळाबरोबर आले ते लग्नाच्या पहिल्या वर्षातले हे. थोडी घेऊन यायचे आणि स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर बसून मला हसवायचे. तेव्हा तो वास मला आवडायचा. हे मी कोणाला सांगितलं नव्हतं, स्वतःलाही नाही. त्या दिवशी काकांना सांगितलं. ते डोळे मिटून ऐकत होते आणि त्यांच्याही गालांवर पाणी होतं.

काकी दारात उभ्या होत्या. त्यांनी पान वाढून आणलं. भात आणि बांगड्याचं तिकलं, म्हणजे तिखट कालवण. "आयुष्यभर माका बाटलेचा सांगल्यानी," त्या म्हणाल्या. "आता माझ्या तिकल्याचा सांग त्येंका."

मी घास घेतला. "काका, पयली तिरफळां येतत. जीभ जराशी बधिर करतत. मग मिरशांगेचो झणको. बांगडो ताजो आसा, गोड लागता."

त्यांनी घास तोंडात घातला. मी बोलत होते, ते चावत होते.

"सोलां?" काकांनी विचारलं.

"आसत. आंबट शेवटाक लागता."

"जास्त पडली आसतली."

"जास्त?" काकी उसळल्या. "वास नाय, चव नाय, आणि खोड मात्र काढूची आसा!"

काका हसले, आणि पान पुढे करून म्हणाले, "भात वाढ."

वास त्यांना शेवटपर्यंत आला नाही. पण ते जेवत राहिले. त्या वर्षी निवडणुका बऱ्याच झाल्या. बाकीचे दुकानदार कपाळाला हात लावून बसायचे आणि मी एसटी धरायचे. पुढच्या वर्षी ते झोपेतच गेले. काकी आता मुलीकडे असतात.

ड्राय डेला मी आता घरीच असते. एकटीचं पान घेते, आमटीत बोट बुडवते आणि मोठ्याने सांगते, आधी काय लागलं, मग काय लागलं. ऐकायला कोणी नसतं. तरी सांगितल्याशिवाय घास उतरत नाही.