सशांचा गोग्रास

जेवायच्या आधी गायीचा घास काढायचा, ही उल्काची सासरची शिस्त. आता जर्मनीतल्या ब्योब्लिंगेनमध्ये दारात गाय कुठून यायची? पहिली काही वर्षं बाईसाहेब तो घास कबुतरांना घालायच्या आणि शेजाऱ्यांची बोलणी खायच्या. मग नवऱ्याने, मोहनरावांनी, गावाबाहेर भाड्याने क्लाइनगार्टन, म्हणजे भाजीपाल्याची छोटी बाग, घेतली, वाफे केले, मेथी लावली. मेथीवर रानसशांची धाड पडली. मोहनराव कपाळाला हात लावून बसले, पण उल्काला तिची गाय सापडली!

पोळी सशांना सोसत नाही म्हटल्यावर घासाचं गाजर झालं. रोज दुपारी ही कुंपणाशी उकिडवी बसणार, "या गं बायांनो" करून बोलावणार. एक फाटक्या कानाची जाडी ससी होती, तिचं नाव पाटलीणबाई. ती उल्काच्या हातातून खायची. नवऱ्याला कधी इतक्या लाडाने वाढलं नसेल बाईने!

रविवारी जेवायला यशोधन यायचा. सशांच्या विषाणूवर पीएचडी करणारा पोरगा, काकू-काकू करत आमटीची तिसरी वाटी मागणारा. एका रविवारी त्याने डबा पुढे केला. "काकू, रोग फिरतोय. या गाजरांत लस आहे. आम्हाला बघून पळतात, तुमच्या हातून खातील."

उल्का फुलून गेली. महाराष्ट्र मंडळाच्या ग्रुपवर फोटो टाकला, 'आमचं लसीकरण केंद्र'. आणि हौसेने भरवलं, एकेकीला.

गुरुवारी पाटलीणबाई कुंपणाशी आडवी पडलेली. नाकाशी रक्त. पलीकडे आणखी दोन, बिळाच्या तोंडाशी पिल्लू.

उल्काने रडत यशोधनला फोन लावला. "अरे, तुझी लस उशिरा पोचली रे!"

तिकडून फोन कट.

तेवढ्यात मोहनराव आले. हातात फावडं, रबरी हातमोजे, काळ्या पिशव्या. उल्का बघतच राहिली. तिने तर त्यांना अजून काही सांगितलंच नव्हतं.

"अहो, तुम्हाला कसं कळलं?"

"हे बघ, आल्झो... म्हणजे... बागवाल्यांच्या मंडळात, फेराइनमध्ये, सगळेच सशांना वैतागले होते. ऑस्ट्रेलियात सरकारच सोडतं हा विषाणू. यशोधन म्हणाला, जमेल."

"म्हणजे लस नव्हतीच?"

"तुला सांगितलं असतं तर तू भरवलं असतंस?"

"आणि तुम्ही भरवलं असतंत, तर त्यांनी खाल्लं असतं?"

मोहनराव हातमोजे चढवत राहिले.

रविवारी यशोधन आला नाही. उल्काने स्वयंपाकही केला नाही. सोमवारी तिने जनावरांच्या सरकारी कचेरीत, व्हेटेरिनेअरआम्टमध्ये, फोन लावला.

"अगं, त्या पोराचं करिअर जाईल!" मोहनराव मागून कुजबुजले. "माझा तरी विचार कर!"

"तुम्ही केलात माझा?" फोनवर हात ठेवून ती म्हणाली.

पलीकडच्या बाईने विचारलं, कोणी घातलं खायला? उल्काने मोडक्या जर्मनमध्ये आधी स्वतःचं नाव सांगितलं. मग यशोधनचं. बाईने पुढे विचारलं, आणखी कोणाला माहीत होतं का?

इतकी वर्षं सगळा संसार 'अहो'वर भागलेला. लग्नातल्या उखाण्यानंतर नवऱ्याचं नाव काही हिच्या तोंडातून बाहेर पडलं नव्हतं. त्या दिवशी पडलं. सावकाश, आडनावासकट. बाईला नीट लिहिता येईना, तेव्हा एकेक अक्षर सुटं करून पुन्हा सांगितलं.