खासदारांपर्यंत न पोचलेले पत्र

वहिनींचे पत्र मी खासदारांना दिलेच नव्हते. ते पाकीट अजून माझ्या कपाटात आहे, बंद. वहिनी जाऊन पाच आठवडे झाले, आणि ही गोष्ट मी तीन वर्षे लपवली.

सुमनवहिनी, माझ्या थोरल्या भावाची पत्नी, अंबरनाथ पश्चिमेला राहत. शाळेतून निवृत्त झाल्यावर त्या किराणा दुकानात उभ्या राहून पाकिटामागची बारीक अक्षरे वाचत. जनुकीय बदल केलेल्या पिकापासून तेल किंवा इतर अन्न बनले असेल तर पाकिटावर तसे ठळक छापावे, या मागणीला आपल्या खासदारांनी संसदेत पाठिंबा द्यावा, असे पत्र त्यांनी शाईच्या पेनाने लिहिले. दादा हसला, "आता तेलाच्या डब्यालाही गृहपाठ देणार का?"

"खाऊ नका असं कुठे म्हणतेय मी? काय खातोय ते कळू दे, एवढंच." मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, "भाऊजी, टपालात टाकू नका. स्वतः हातात द्या."

उल्हासनगर कॅम्प चारमधल्या संपर्क कार्यालयात रांग होती. मागच्या व्यापाऱ्याने काम विचारले, मी सांगितले. "अरे काका, नल में पानी नहीं, और आप तेल का लेके आया?" रांग खळखळून हसली. मीही हसलो... ते हसणे अजून ऐकू येते, आणि त्यात माझा आवाज वेगळा ओळखू येतो. खासदारांसमोर पोचलो तेव्हा मी आमच्या इमारतीच्या पाण्याची तक्रार सांगितली. पत्र खिशातच राहिले.

संध्याकाळी वहिनींना म्हणालो, "दिलं. त्यांनी वाचलंसुद्धा." त्यांनी आनंदाने शिरा केला, आणि मी तो खाल्ला. पुढे दर रविवारी त्या विचारत, "उत्तर?" मी म्हणे, "दिल्लीची कामं, वहिनी. वेळ लागतो." शेवटी रुग्णालयात त्यांचे बोलणे थांबले, तेव्हाही त्यांनी भुवया उंचावून तेच विचारले... मी म्हणालो, "येईल."

गेल्या रविवारी दादाकडे गेलो. चहा करायला ओट्यापाशी उभा राहिलो, तर डब्याडब्यावर वहिनींच्या अक्षरातल्या चिठ्ठ्या. 'तांदूळ, वांगणीच्या बाईंकडचा.' 'नाचणी, बारवी धरणाजवळच्या पाड्यावरची.' तेलाच्या डब्यावर लिहिले होते, 'कशापासून, ठाऊक नाही. खासदारांचे उत्तर आले की लिहीन.'

मी गॅस बंद केला. मागून दादाने विचारले, "काय रे, काय झालं?"

मला वळून पाहवेना. त्या डब्याकडे पाहतच मी मोठ्याने म्हणालो, "वहिनी, मी पत्र दिलंच नाही. लोक हसले, आणि मला तुमची लाज वाटली. मला माफ करा."