आधी अंग, मग लुगडं

माणूस साडेसात डोक्यांएवढा उंच असतो हे मला चंद्रपूरला कळलं, आणि ते कळल्याची शिक्षा आरमोरीला, घरी मिळाली.

ऐंशीच्या दशकातली गोष्ट. आमच्या घरात मुलींच्या शिक्षणाला कधी ना नव्हती. बाबा शाळेत शिपाई होते. विहारातल्या बैठकीत मुली शिकवा म्हणून तावातावाने बोलायचे, आणि घरी तसं वागायचेही. मी चित्रकलेचा वर्ग करते म्हटलं तेव्हा शेजारच्यांनी नाकं मुरडली, पण बाबांनी मला चंद्रपूरला मावशीकडे ठेवलं. वर्ग पुरा झाला की शाळेत चित्रकलेची शिक्षिका होता येत होतं. "माही पोरगी ड्राइंगची मास्तरीन होनार," ते बस स्टँडवर अनोळखी माणसालाही सांगत. मला मास्तरीण व्हायचंच होतं. पण त्याहून जास्त मला माणूस काढता यायला हवा होता.

तोवर मी काढलेल्या बाया सगळ्या कॅलेंडरवरून उतरवलेल्या. डोळे मोठे, कंबर बोटभर आणि लुगडं पत्र्याचं केल्यासारखं. वर्गातल्या सरांनी पहिल्याच आठवड्यात माझा कागद सगळ्यांसमोर धरला आणि विचारलं, "या बाईला पाय आहेत का?"

"आहेत सर. लुगड्यात आहेत."

"मग लुगड्याला अजून कोणी सांगितलेलं दिसत नाही."

सगळा वर्ग हसला. मी रागानं लाल झाले, पण दुसऱ्या दिवसापासून शिकायला लागले. हात लांब करून पेन्सिल उभी धरायची, एक डोळा मिटायचा, अंगठ्यानं समोरच्याच्या डोक्याचं माप घ्यायचं आणि ते माप एकाखाली एक उतरवत न्यायचं. आधी फिक्या रेषेनं अख्खं अंग काढायचं, खांद्याचा उतार, कमरेचा कल, गुडघे. मग गडद रेषेनं त्यावर कपडा चढवायचा. चुण्या आपल्या मनानं पडत नाहीत, खांद्यापासून निघतात, कमरेपाशी अडतात, गुडघ्यावर ताणल्या जातात. कपडा चढला की आतल्या रेषा खोडरबरानं पुसून टाकायच्या. चेहरा सगळ्यांत शेवटी. चेहऱ्याच्या मागे लागलात की बाकीचा माणूस हातचा जातो, असं सर बजावून सांगायचे. त्यांचं मी सगळं ऐकलं. फक्त हे शेवटचं एकदा ऐकलं नाही.

दिवाळीच्या सुट्टीत सरांनी काम दिलं, घरच्या माणसांना समोर बसवून काढून आणा. घरी बसायला वेळ कोणाला होता! धानाची कापणी लागलेली, आई आणि भाऊ दिवसभर शेतात, बांधीत. वहिनी त्यांची भाकर पोचवून दुपारी परत यायची आणि घरापुढच्या छपरीत तांदूळ निवडत बसायची. तिला विचारलं तर ती आधी पदरात तोंड लपवून हसली, मग म्हणाली, "माह्यासारखीले काय काढतं बाई? एखादी चांगली पाह्य."

पण बसली. रोज बसली. लग्न होऊन काही वर्षं झाली होती आणि मूल नव्हतं. आई तोंडानं काही बोलायची नाही, पण पाहुण्या बाया घरात आल्या की वहिनीला माहेरी पाठवून देण्याच्या गोष्टी तिच्या देखत व्हायच्या. तिच्याकडे कोणी नीट पाहिलं असेल तर ते पोट दिसतं का एवढ्यासाठीच. मी तिच्या खांद्याकडे पाहत होते, उकिडवं बसल्यावर तिची पाठ कशी वळते ते पाहत होते, आणि ते तिला आवडत होतं. चौथ्या की पाचव्या चित्राला तिनं हट्ट धरला.

"आज पयले तोंड काढ. रोज तू तोंड ठेवतं शेवटी, अन् तेवढ्यात माही उठाची वेळ होते. मले पाहू दे नं मी कशी दिसतो ते."

मी काढलं. हनुवटीवरच्या तिळासकट, हसू दाबताना ओठाचा एक कोपरा दबतो त्याच्यासकट. माझ्या हातून तोवर इतका खरा चेहरा उतरला नव्हता. तिनं तो पाहिला आणि स्वतःच्या हनुवटीवरच्या तिळावर बोट ठेवून पाहिलं. मग पुन्हा जागेवर बसली आणि मी खालचं अंग फिक्या रेषेनं काढायला घेतलं. ते पुरं होतंय तोच कोणाचा तरी बैल आमच्या तणसाच्या ढिगात शिरला. वहिनी काठी घेऊन धावली, मी तिच्यामागे. कागद लावलेली चित्राची पाटी तशीच छपरीत राहिली.

परत आलो तर छपरीत बाबा होते आणि विहाराच्या समितीची दोन माणसं. विहाराच्या भिंतीवर चित्र काढून हवं होतं, म्हणून बाबा त्यांना मुद्दाम घेऊन आले होते, पोरीचा हात दाखवायला. पाटी त्यांनीच कौतुकानं उचलून पाहुण्यांसमोर धरली होती. वर सुनेचा चेहरा, तिळासकट. आणि खाली लुगडं नाही.

पाहुण्यांपैकी एकजण अंगणातल्या कडुनिंबाकडे पाहत होता. दुसरा म्हणाला, "येतो मंग आमी." बाबांनी पाटी पालथी करून भिंतीला लावली. इतक्या हळू, की मला वाटलं त्यांना बरं वाटत नाहीये.

संध्याकाळी भाऊ आणि आई आल्यावर बाबांनी मला समोर उभं केलं. मी सांगितलं. आधी अंग काढतात, मग त्यावर कपडा चढवतात. चित्र अर्धं होतं. वहिनी नेहमीसारखी लुगडं नेसूनच बसली होती. ट्रंकेतून जुनी चित्रं आणून दाखवली, त्यातली लुगडी दाखवली.

"अन् लुगडं काढल्याबिगर आतलं तुले दिसते कसं?" बाबांनी विचारलं.

याचं उत्तर माझ्याकडे होतं. तेच तर मी इतके महिने शिकत होते. पण त्या चार तोंडांसमोर ते मला मांडता येईना. मग बाबा वहिनीकडे वळले.

"तू सांग. तू बसली होती का हिच्यापुढे?"

एवढंच म्हणायचं होतं तिला, हो बाबा, लुगडं नेसून बसली होती. तिच्या एका होकारावर माझं चंद्रपूर टिकणार होतं. मी तिच्याकडे पाहिलं. तिनं भावाकडे पाहिलं, आईकडे पाहिलं.

"मी नाई बसली," ती म्हणाली. "मी तं सयपाकात होती. हिनं आपल्या मनानंच काढलं."

भाऊ दात ओठ खात माझ्याकडे आला, त्याला आईनं धरलं. बाबांनी कागद पाटीवरून काढून वहिनीच्या हातात दिला आणि चुलीत टाकायला सांगितलं. जाळण्याआधी तिनं त्या चेहऱ्याकडे एकदा नीट पाहून घेतलं. ते दुसऱ्या कोणी पाहिलं नाही. मी पाहिलं.

चंद्रपूर बंद झालं. भाऊ एसटीनं जाऊन मावशीकडची माझी वळकटी घेऊन आला. बाबा मला रागावले नाहीत, मारलं नाही, फक्त पुन्हा माझ्याशी धड बोलले नाहीत. विहारातली त्यांची भाषणं मात्र चालू होती. उन्हाळ्यात माझं लग्न लावून दिलं.

पुढे मला बालवाडीवर काम मिळालं. भिंतीवर लावायचे तक्ते मी रंगवायची. पाणी भरणारी बाई, धानाची रोवणी करणारी बाई, लेकराला डोस पाजणारी बाई. तुमच्या हातचं लुगडं अगदी खरं वाटतं, असं साहेब लोक म्हणायचे. मी मान डोलवायची. आतलं अंग काढणं मी सोडून दिलं होतं. चंद्रपूरचे सर काय म्हणाले असते, ते मला माहीत होतं.

वहिनीला मी माफ केलेलं नाही. लोकांना वाटतं इतक्या वर्षांनी माणूस निवळतो. तिची भीती मला त्या संध्याकाळीही कळत होती. हो म्हणाली असती तर ती दुसऱ्या दिवशी माहेरच्या बसमध्ये असती. कळतं सगळं. पण पोळले मी, आणि कळून माझं काही परत आलं नाही.

पुढे तिला दोन मुलं झाली, घर तिच्या हातात आलं. भाऊ गेल्यावर गेल्या वर्षी ती माझ्याकडे राहायला आली होती. एका दुपारी खुर्चीत बसल्या बसल्या म्हणाली, "बाई, ते चित्र पुन्हा काढून दे नं. माह्या मनातून गेलंच नाई ते."

मला संताप आला. तरी मी कागद काढला.

"पयले तोंड काढू?"

"नाई. तुह्या सरानं सांगतलं तसं काढ."

मी काढायला बसले. कागदावर थेट पदर खांद्यावरून उतरवला, निऱ्या घातल्या, काठ गुडघ्यावरून वळवला. हात सरसर चालत होता. चेहरा उरला तेव्हा तिनं कागद मागून घेतला, डोळ्यांजवळ नेला, लांब धरला.

"बाई, हे तं माहं लुगडं वाळू घातलं हाये," ती म्हणाली. "मी कुठी आहो यात?"

"तूच तं सांगतलं होतं नं वयनी," मी म्हटलं. "तू बसलीच नव्हती."

ती कागद मांडीवर ठेवून त्याच्याकडे पाहत राहिली. मीही पेन्सिल पुन्हा उचलली नाही.