देवीपुढचा धूप

देवाचे अनुभव सांगणाऱ्यांकडे मी संशयानेच बघत आले. पूजा करीत होते, पण घरातल्या इतर कामांसारखी. त्यामुळे हे लिहिताना हात जरा अडखळतो.

साल अठ्ठ्याहत्तर असावे. एकोडीला आमच्याकडे धानाची मळणी चालू होती. माझ्या नऊ वर्षांच्या शालूला दमा. खळ्यातली धूळ तिला बाधली. दुपारी छाती शिट्टीसारखी वाजू लागली, दोन शब्द सलग बोलता येईनात. सासूबाईंनी आणि मी आमच्याकडे सगळे करतात तेच केले. वारा लागू नये म्हणून दारे लावली, पोरीला निजवून गोधडी घातली आणि देवीपुढे ऊद पेटवला. तिची तगमग वाढली तसा मी निखाऱ्यांवर आणखी ऊद टाकला. पोर तुझ्या हवाली, एवढेच म्हणत होते.

तेवढ्यात दार वाजले. एसटी बिघडली म्हणून एक अनोळखी बाई पाणी मागायला आली होती. आतली घरघर ऐकून ती सरळ देव्हाऱ्यापर्यंत आली आणि धुपाटणे उचलून अंगणात ठेवून आली.

"देवीचा धूप हाय तो, बाई," सासूबाई म्हणाल्या.

"देवीले चालते जी, पोरीले नाही चालून राहिला. आन् झोपवली काहून? बसवा तिले."

तिने दारे उघडायला लावली. शालूला ताठ बसवून, किंचित पुढे झुकवून कोपरे उशीवर टेकवली, गळ्याचे बटण सोडले, आम्हाला मागे सरकवले. चूल फुंकतो तसा श्वास हळूहळू सोड, असे सांगत स्वतःही तिच्याबरोबर फुंकत राहिली. मग डॉक्टरची गोळी आहे का, विचारले. होती. मीच ती देवीच्या पायाशी ठेवली होती. माझ्याच धुरात मला दिसली नव्हती.

गोळी दिली. ओठ निळे पडू लागलेत, दवाखाना टाळू नका, असे तिने बजावले. दिरांनी बैलगाडी जुंपली. साकोलीच्या दवाखान्यात सुई टोचली आणि संध्याकाळी पोरीने भात मागितला.

वाटेतच मला आठवले होते, त्या बाईला पाणी कुणी दिलेच नाही. नावही विचारले नाही. पुन्हा ती दिसली नाही. ती कोण, हे मी ठरवत बसत नाही. देवीपुढे आता फूल वाहते, धूप नाही. मागणे मागते, पण मदत कुठल्या रूपाने यावी हे तिला सांगत नाही. दार तेवढे उघडे ठेवते. दाराशी बारा महिने भरलेली घागर असते. त्यातला पहिला तांब्या त्या बाईचा.